सुट्टीवर जाताना: मोठी अर्धी, छोटी पूर्ण

(गुढीपाडव्याच्या स्नेहसंमेलनात मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सर्वांच्या हाती असावे म्हणून समितीच्या सांगण्यावरून लिहून दिले आहे.)



मी काही वक्ता नाही. या मंडळात माझे काम मांडवाच्या वायरिंगचे आणि माइक लावून देण्याचे. गेली पंधरा वर्षे मी माइक लावतो आणि मागे जाऊन बसतो. या वेळी अध्यक्ष म्हणाले, "कॉलनीत इलेक्ट्रिक गाड्या आल्या, स्कूटर तर घरटी झाल्या. मे महिन्यात सगळे गावी पळणार. तुम्ही जन्मभर बॅटऱ्या सांभाळता, तर गाडी उभी ठेवून जायची कशी, ते सांगा." मी हो म्हणालो, त्याचे खरे कारण वेगळे आहे. या विषयात मी स्वतः सपशेल नापास झालेलो आहे, आणि नापास विद्यार्थ्याला पेपर चांगला लक्षात राहतो.

माझी नोकरी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जळगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो आणि इथे बिलासपूरला ट्रेन लाइटिंगमध्ये बावीस वर्षे झाली. आपण डब्यात बसता, दिवा लागतो, पंखा फिरतो, त्याच्या मागे डब्याखालच्या पेटीतली ११० व्होल्टची बॅटरी असते. साध्या डब्याला १२० अँपिअर-अवरची, आणि चाकावरच्या अल्टरनेटरवर चालणाऱ्या एसी डब्याला ११०० अँपिअर-अवरची. या सगळ्या शिशाच्या, म्हणजे लेड-अॅसिड. मी नवीन असताना आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "बाबूजी, बॅटरी और बच्चा, दोनों का पेट भरा रखो." हे वाक्य मी बावीस वर्षे पाळले. त्याच वाक्याने माझा घात केला.

तेवीस दिवसांची सुट्टी

मे २०२४ मध्ये आम्ही सगळे भुसावळला गेलो. पुतणीचे लग्न होते, शिवाय आंबे, पापड, कुरडया, सगळे आलेच. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे शहात्तर, तेही बरोबर होते. निघताना मी गाडीची व्यवस्था अगदी प्रेमाने केली. आदल्या रात्री १०० टक्के चार्ज केली. ऊन लागू नये म्हणून क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. आणि चोरीची भीती नको म्हणून काचेवर बसवलेला छोटा कॅमेरा चालू ठेवला. तो मीच वायर ओढून बसवला होता, गाडी बंद असतानाही चालेल असा. तीन कामे केली आणि तिन्ही चुकीची केली. पण हे कळायला तेवीस दिवस जायचे होते.

परत आलो तेव्हा मेल रात्री उशिरा पोहोचली. स्टेशनवरून रिक्षाने घरी येऊन झोपलो. पहाटे साडेचारच्या सुमारास सौ.ने मला हलवले. आप्पा पलंगावर बसून होते, छातीत दडपल्यासारखे होत होते आणि अंगाला दरदरून घाम. मी किल्ली घेऊन शेडकडे धावलो. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. दिवा लुकलुकला नाही, कुलूप उघडल्याचा आवाज नाही. किल्लीच्या पोटात लोखंडी किल्ली असते हे मला त्या क्षणी आठवलेसुद्धा नाही. आठवून उपयोगही नव्हता, कारण दार उघडले असते तरी गाडी चालू झाली नसती. बॅटरीत पूर्ण भरलेला चार्ज, आणि गाडी दगडासारखी.

शेजारचे लोको पायलट नुकतेच ड्युटीवरून उतरून दारात बूट काढत होते. मूळचे आंध्रचे, आमची बारा वर्षांची शेजारपणाची ओळख. त्यांनी माझा चेहरा पाहिला, बूट परत चढवले आणि आपली जुनी पेट्रोलची गाडी काढली. वीस मिनिटांत आप्पा डॉक्टरांसमोर होते. हृदयाचेच दुखणे होते, पण वेळेत पोहोचलो. चार दिवसांनी आप्पा घरी आले. आज ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून हे सगळे मी हसत सांगू शकतो. दवाखान्यात जरा बरे वाटल्यावर त्यांनी मला एवढेच विचारले, "काय रे, साऱ्या गाड्यांना उजेड देतोस, आणि दिव्याखाली अंधार?"

तारेखाली उभे असलेले डेड इंजिन

गाडी का मेली, ते शेजाऱ्यांनीच मला एका वाक्यात सांगितले. ते म्हणाले, "आपके इंजन का बैटरी डाउन था, पैंटो कैसे उठता?" इथल्या रेल्वेवाल्यांना समजले असेल. इतरांसाठी सांगतो.

विजेच्या इंजिनाच्या डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. पण इंजिन थंड असेल तर ती वीज आत येणार कशी? छतावरचा पँटोग्राफ हवेच्या दाबाने वर उठतो. हवा नसेल तर ती एक छोटा कॉम्प्रेसर तयार करतो आणि तो कॉम्प्रेसर इंजिनातल्या ११० व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ही बॅटरी उतरली की २५,००० व्होल्टच्या तारेखाली इंजिन मढ्यासारखे उभे राहते.

इलेक्ट्रिक गाडीचे नेमके असेच आहे. तिच्यात बॅटऱ्या दोन असतात. पहिली मोठी, लिथियमची, जमिनीलगत पसरलेली, शेकडो व्होल्टची. चाके फिरवते ती ही. दुसरी छोटी, १२ व्होल्टची, बहुतेक गाड्यांत आपल्या ओळखीची शिशाचीच. दाराचे कुलूप, पडदा, आतले सगळे संगणक हिच्यावर चालतात. गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षेसाठी बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. ती परत जोडणारे स्विच, ज्यांना काँटॅक्टर म्हणतात, ते ओढले जातात या छोटीच्या जोरावर. म्हणजे छोटी मेली तर मोठीचे दार उघडायला कोणी नाही.

माझी छोटी बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. कॅमेरा सतत साधारण पाव अँपिअर खात होता. दिवसाला झाले ६ अँपिअर-अवर. म्हणजे आठवडाभरात छोटी रिकामी. तेवीस दिवसांपैकी दोन आठवड्यांहून जास्त ती रिकामीच पडून होती. शिशाची बॅटरी रिकामी पडली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग ती चार्ज धरत नाही. मला नवीनच घ्यावी लागली. कमी व्होल्टेजला आपोआप बंद होण्याची सोय त्या कॅमेऱ्यात होती, मी ती चालू केली नव्हती. दोष गाडीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही, माझा.

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव

आता दुसरी चूक, जी दिसली नाही पण झालीच. मोठी बॅटरी मी पूर्ण भरून, पत्र्याखाली, मे महिन्यात ठेवली.

शिशाची बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गॅस्टन प्लँटे यांनी शोधली. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ मध्ये, आणि तिच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाले. सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे दोघींत, आणि स्वभाव अगदी उलटे. शिशाची भरलेल्या पोटी सुखी. लिथियमची, काम नसेल तेव्हा, अर्ध्या पोटी सुखी.

असे का? लिथियमची बॅटरी चार्ज करतो तेव्हा लिथियमचे कण एका बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. १०० टक्के म्हणजे डबा खच्चून भरलेला. अशा वेळी आतल्या द्रवाशी होणाऱ्या नको त्या क्रियांना जोर येतो. ग्रॅफाइटवर एक पातळ साय असते, ती हळूहळू जाड होते आणि त्या सायीत थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. जे अडकले ते पुन्हा कामाला येत नाही. गाडी एक किलोमीटरही न चालवता ही झीज होत राहते. तिला नुसते वय म्हणा.

यात उष्णता म्हणजे आगीत तेल. कारखान्यातला जुना ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्या बिलासपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर पारा ४४-४५, आणि पत्र्याखाली दुपारी हात लावून बघा. मी ऊन चुकवले आणि भट्टी पत्करली.

घाबरून जाऊ नका. एका सुट्टीने बॅटरी संपत नाही. माझी गाडी आजही छान चालते. अनेक कंपन्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, ती उगाच नाही. पण दर वर्षी एक महिना भरल्या पोटी भट्टीत ठेवली, तर आठ वर्षांत आठ महिने होतात. गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. आमची आजी सांगायची, प्रवासाला निघताना दोन घास कमी खावेत. या बॅटरीला तो नियम तंतोतंत लागू आहे, फक्त प्रवासाला आपण जायचे आणि घास तिने कमी खायचे.

प्रत्यक्ष काय करावे

आता मी स्वतः करतो ते क्रमाने सांगतो. वहीत लिहून घेतलेत तरी चालेल.

आठ दिवस आधी छोटी बॅटरी तपासा. मल्टिमीटर बाजारात स्वस्तात मिळतो. गाडी काही तास बंद असताना शिशाच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ किंवा त्याखाली असेल तर ती जवळजवळ रिकामी, तशी ठेवून जाऊ नका. तीन-चार वर्षे जुनी झाली असेल तर मेकॅनिकला दाखवा.

बाहेरून जोडलेले जे काही आहे, कॅमेरा, ट्रॅकर, मोबाइलचा चार्जर, ते काढा. किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगू नका. काही गाड्या किल्ली जवळ असली की पुन्हा पुन्हा जाग्या होतात. आणि एक मोह टाळा. गावी बसून दर तासाला मोबाइलवर गाडी कशी आहे ते बघू नका. प्रत्येक वेळी तुम्ही तिला झोपेतून उठवता.

निघण्याच्या आदल्या दिवशी मोठी बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणा. जास्त असेल तर फिरवून उतरवा, सौ.ला बाजारात न्या, पुण्य लागेल. कमी असेल तर भरा. हिशेब सोपा आहे. ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ५० वर न्यायला ९ युनिट लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर ताशी ३ युनिटच्या आसपास जातात, म्हणजे साधारण तीन तास. चार्जिंग चालू असताना छोटीलाही मोठीकडून खुराक मिळतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी थोडे चार्जिंग झालेले बरेच.

फार कमीही ठेवू नका. १०-१५ टक्क्यांवर गाडी सोडून महिनाभर जाणे हे १०० टक्क्यांपेक्षा वाईट ठरू शकते. गाडी झोपेतही थोडे खाते, आणि लिथियमचा सेल तळाला गेला तर कायमचा बिघडतो.

प्लग काढून ठेवा. ज्यांच्या गाडीत ५०-६० टक्क्यांची मर्यादा लावता येते आणि कंपनी प्लग लावून ठेवा म्हणते, त्यांनी कंपनीचे ऐकावे. पण आपल्याकडे मे महिन्यातल्या अंधडात व्होल्टेज कसे नाचते ते मी रोज पाहतो, म्हणून मी काढतो.

गाडी सावलीत ठेवा, पण वारा वाहील अशा. पत्र्याखाली कोंडण्यापेक्षा कडुनिंबाखाली बरी. टायरमध्ये हवा ठरल्याएवढी भरून घ्या.

महिन्यापेक्षा जास्त जाणार असाल तर छोटी बॅटरी सोडवून ठेवता येते. आधी मॅन्युअल वाचा, कारण काही गाड्यांत नंतर बॉनेट किंवा डिकी उघडत नाही. सोडवताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, आणि हातातली अंगठी काढून. आणि कळकळीची विनंती, बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यांना कोणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही.

परत आल्यावर आधी टक्के बघा, हळू चार्जरवर भरा. गाडी तापलेली असताना लगेच फास्ट चार्जिंगला नेऊ नका.

सभेतले प्रश्न

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथे जोडतो.

एकाने विचारले, "माझ्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे, आणि कंपनी म्हणते अधूनमधून १०० टक्के भरा. मग अर्धी कशी ठेवू?" दोन्ही बरोबर आहे. या प्रकारच्या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सारखेच राहते, त्यामुळे गाडीला आपले टक्के नीट मोजता येत नाहीत. पूर्ण भरली की हिशेब जुळतो, म्हणून तसे सांगतात. ते वापरात असताना करा. ही बॅटरी अधिक सोशिक आहे खरी, पण महिनाभर उभी ठेवताना तीही अर्धीच बरी.

स्कूटरबद्दल एका वहिनींनी विचारले. लिथियमची असेल तर हाच नियम, अर्धी आणि गार जागी. बॅटरी काढता येत असेल तर घरात थंड खोलीत ठेवा, चार्जरला लावून नव्हे. आणि जुनी शिशाची स्कूटर असेल तर उलट, पूर्ण भरून ठेवा. घरचा इन्व्हर्टरही शिशाचाच, त्यात डिस्टिल्ड वॉटर भरून, पूर्ण चार्ज करूनच जा.

आणखी एका सहकाऱ्यांचा प्रश्न सगळ्यात चांगला होता: "अर्धीच ठेवली आणि आल्या आल्या रात्री धावपळ करावी लागली तर?" त्यांना माझीच पहाट आठवत असणार. ३० युनिटच्या बॅटरीत ५५ टक्के म्हणजे १६ युनिटच्या वर. एका युनिटला सहा किलोमीटर धरले तरी शंभरेक किलोमीटर होतात. आपल्या कॉलनीतून दवाखाना किती लांब आहे? त्या पहाटे माझ्याकडे १०० टक्के होते आणि जाता आले नाही शंभर पावलेही.

२०२४ च्या दिवाळीत आम्ही पुन्हा अठरा दिवस गेलो. मोठी ५५ वर ठेवली, छोटी १२.६ वर, कॅमेरा काढून पिशवीत. आलो तेव्हा मोठी ५३, छोटी १२.५. बटण दाबले आणि दिवे लागले. आप्पा म्हणाले, "पास."

शेवटी एक गोष्ट, जी मल्टिमीटरवर मोजता येत नाही. आता सुट्टीवर जाताना मी घराच्या किल्लीबरोबर गाडीची दुसरी किल्लीही शेजाऱ्यांकडे देऊन जातो आणि तिच्यातली लोखंडी किल्ली कशी काढायची ते त्यांना दाखवून ठेवले आहे. त्यांच्या घरीही वृद्ध आई आहेत. आपण सगळे आपापली गावे सोडून इथे आलेली माणसे. पहाटे साडेचारला आपल्या हाकेला कोण येते, ते मला त्या दिवशी कळले. म्हणून माझी गाडी अर्धी भरलेली असली तरी कोणासाठीही जागी होईल अशी असावी, एवढे मी पाहतो.

आता मी माझ्या जागेवर, माइकच्या मागे जातो.

गणपती बाप्पा मोरया!